उपासाच्या दिवशीचा आलुबोंडा

देवरावांच्या हॉटेलात मी वर्षानुवर्षं नाश्ता केला, पण देवरावांनी माझ्यासाठी कधी बाक पुसला नाही. मी आत आलो की ते माझ्या डोक्यावरून रस्त्याकडे बघत "एक आलुबोंडा" असं ओरडायचे आणि तो येईल तेव्हा यायचा. रस्सा गार निघाला तर तो माझ्या नशिबाचा भाग. अमरावतीच्या इतवारा बाजाराच्या तोंडाशी हे हॉटेल होतं. भिंतीकडचा पंख्याखालचा बाक सकाळी एका बाईसाठी मोकळा ठेवलेला असे. मी एकदा त्यावर बसलो, तर देवराव स्वतः गल्ल्यावरून उठून आले आणि त्यांनी मला दंडाला धरून दुसरीकडे नेऊन बसवलं. तेव्हापासून माझा त्या बाईवर राग होता. एकाला प्रेमानं खायला घालतात आणि दुसऱ्याला नुसतंच खायला घालतात, हे दिसलं की राग येतो. मी बाजारामागच्या छापखान्यात मुद्रितं तपासत असे, माणसाचं चुकलेलं काढणं हा माझा धंदाच होता.

ती बाई म्हणजे सत्यभामाबाई. भातकुलीच्या पलीकडच्या एका खेड्यातून त्या भाजीची टोपली घेऊन यायच्या. मेथी, पालक, वांगी आणि आमच्याकडे ज्याला सांबार म्हणतात ती कोथिंबीर. हॉटेलातला सगळा सांबार त्यांच्याकडूनच जायचा. सकाळी त्या पहिल्यांदा देवरावांकडे जुड्या उतरवायच्या, मग बाजारात रजियाबी नावाच्या लिंबू-मिरचीवालीशेजारी पोतं अंथरून बसायच्या आणि गर्दी जरा ओसरली की ढिगावर लक्ष ठेवायला रजियाबीला सांगून हॉटेलात यायच्या. त्या उंबऱ्यात दिसल्या की देवराव खांद्यावरच्या फडक्यानं बाक पुसायचे. पाण्याचा गिलास विसळून ठेवायचे. ताज्या घाण्यातले दोन आलुबोंडे, वर तर्रीचा रस्सा, बाजूला जाड चिरलेला कांदा, कारण त्यांना तसाच आवडायचा. वर विचारायचे, "मावशी, मीठ बरोबर हाय ना?" त्या मान हलवायच्या आणि तेव्हा कुठे आम्हा बाकीच्यांना रस्सा मिळायचा. मीठ कमी आहे असं मी दोनदा सांगितलं होतं, ते कोणी ऐकलं नव्हतं.

त्या खायच्या मात्र चोरासारख्या. तोंड भिंतीकडे, पदर पुढे ओढलेला. मला वाटायचं, बाईला मोठेपणा चढलाय. खरं काय ते मला फार उशिरा कळलं आणि तेही त्यांनीच सांगितलं. लोकांच्या चुका शोधता शोधता मी ही बाई सरळसरळ चुकीची वाचली होती.

ते दिवस वाईट होते. कापूस घरात आणून ठेवावा तर भाव नाही, विकावा तर लागवडीचं निघत नाही. सोयाबीन लावावं तर पाऊस ऐन फुलोऱ्यात पाठ फिरवायचा. रोज सकाळी पेपरात आमच्या जिल्ह्यातल्या खेड्यांची नावं यायची आणि ती कशासाठी आली असतील हे वाचायच्या आधीच कळायचं. सत्यभामाबाईंच्या घरी नवरा शेषराव, मुलगा कुंदन, सून गीतांजली आणि तिचं अंगावरचं लेकरू. कोरडवाहू वावरात बापलेक राबायचे. विहिरीला जे थोडं पाणी उरायचं त्यावर बाईंचा भाजीचा वाफा जगायचा. एका उन्हाळ्यात घरातली ज्वारी डब्याच्या बुडाशी आली. मग बाईंनी तेच केलं जे त्यांच्या आईनं आणि सासूनं केलं असतं. त्यांनी गुरुवार धरला. पुढे सोमवार धरला, मग शनिवार. चतुर्थी आणि एकादशी होत्याच. बाईचा उपास आहे म्हटलं की कोणी विचारत नाही, कोणाला वाईट वाटत नाही आणि तिच्या वाट्याच्या भाकरी मुलाच्या ताटात जातात. आमच्याकडच्या बायकांनी जितके उपास देवासाठी केले असतील, त्याहून अधिक पिठासाठी केले आहेत. देवाला त्याचं काही वाटत असेल तर त्यानं कधी बोलून दाखवलेलं नाही.

पहिले काही महिने ते उपास अगदी खरे होते. सकाळी काळा चहा, मग संध्याकाळपर्यंत पाणी. अशाच एका गुरुवारी देवरावांकडे सांबार उतरवताना बाईंच्या डोळ्यांपुढे अंधार आला आणि त्या दारातच बसल्या. देवरावांनी त्यांना आत आणलं, बाकावर बसवलं आणि न विचारता समोर प्लेट ठेवली. बाईंचा गुरुवार आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. बाईंना ठाऊक होतं. त्यांनी प्लेटकडे पाहिलं आणि खाल्लं.

"भूक तर होतीच," त्यांनी मला सांगितलं. "पण भुकेचं काही नाही, ते सवयीचं हाय. भाऊ, माह्यासमोर कोणी ताट आणून ठेवलं असं मले आठवतच नव्हतं. लग्नाच्या पंगतीत ठेवलं असन. त्याच्यानंतर मीच वाढून राहिली."

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर शेषरावांनी सवयीनं म्हटलं, दिवसभर पोटात काही नाही, आता आधी तू जेव. बाईंनी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिथे ते कायमचंच मिटलं. पुढच्या गुरुवारी देवरावांनी बाक पुसून ठेवला होता. त्यांनी पैसे घेतले नाहीत. सांबाराच्या दोन जुड्या तुमच्या आणि प्लेट आमची, असा व्यवहार त्यांनी परस्पर ठरवून टाकला. त्या जुड्या रोख विकल्या असत्या तर घरी पीठ गेलं असतं, हे बाईंना पहिल्या दिवसापासून कळत होतं. कळत होतं आणि तरी त्या बाकावर बसत होत्या. हळूहळू बाजाराचा दिवस तो उपासाचा दिवस झाला. म्हणजे घरी उपास आणि हॉटेलात पारणं, तेही भर सकाळी.

लाज वाटत नव्हती असं नाही. रमजानच्या महिन्यात रजियाबी शेजारी उन्हात बसलेली असायची, ओठ सुकलेले, थुंकीही गिळायची नाही. तिला ढिगाकडे बघायला सांगून बाई उठायच्या. रजियाबीला बाईंचे उपास ठाऊक होते. एकदाच तिनं विचारलं, "बाई, आज तुमचा बी उपास ना?" त्यात टोमणा नव्हता, सोबतीण मिळाल्याचं समाधान होतं. बाई म्हणाल्या, हो. आणि उठून हॉटेलात गेल्या. त्या दिवशी घास घशाखाली उतरेना असं झालं असेल, असं आपल्याला वाटतं. पण घास उतरला. बाई म्हणाल्या की याचीच त्यांना अधिक लाज वाटली.

इकडे गावात त्यांचं नाव झालं. ज्या घरात पीठ संपायचं तिथल्या सासवा सुनांना सत्यभामेचं उदाहरण द्यायच्या. एकादशीला बायका येऊन पाया पडायच्या. बाई पाय मागे घ्यायच्या, तर लोक म्हणायचे, बघा, गर्व म्हणून नाही. शेषराव फार कमी बोलणारा माणूस, पण पारावर बसला की बायकोच्या उपासांबद्दल बोलायचा. त्याच्याकडे त्या वर्षी अभिमानानं सांगण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

हे असंच चाललं असतं आणि कोणाचं फार बिघडलंही नसतं, पण गीतांजलीनं गुरुवार धरला.

ही पोरगी अकोला जिल्ह्यातल्या बार्शीटाकळीकडची. वयानं लहान, बोलायला थोडी, पण एकदा ठरवलं की ठरवलं. लेकरू अंगावर पीत होतं. सासूनं सांगितलं, तू धरू नको, लेकराच्या आईनं उपास करू नये. तिनं ऐकून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात सोमवारही धरला. सासू रागावली, तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "तुमी या वयात उन्हात बसून उपाशी राह्यता, आन मी घरात बसून खाऊ का? मले घास जात नाही." सासूला खरं बोलायचं तर एकच वाक्य होतं आणि ते तोंडातून निघत नव्हतं. शेषराव म्हणाले, सुनेनं सासूचं वळण घेतलं. शेजारणी म्हणाल्या, नशीब काढलं घरानं.

सुनेचा उपास मात्र खरा होता. तिच्यासाठी कोणी बाक पुसून बसलेलं नव्हतं. तिचं दूध कमी झालं. लेकरू रात्रभर किरकिरायला लागलं आणि एक दिवस ती विहिरीवरून घागर आणताना पडली. गावच्या नर्सबाईनं डोळ्याची पापणी ओढून पाहिलं आणि सासूलाच झापलं, हिला खायला देत जा. सासू खाली मान घालून उभी राहिली. नर्सबाईला ते सासवांचं नेहमीचं नाटक वाटलं असणार.

त्या आठवड्यात बाईंनी उपास सोडला. म्हणजे घरातला. देवानं स्वप्नात येऊन सांगितलं, असं काहीतरी त्या बोलल्या आणि सगळ्यांबरोबर ताटाला बसल्या. सूनही बसली. पण भाकरी तेवढ्याच होत्या. कुंदननं अर्धी मोडून परत टोपल्यात ठेवली, शेषराव पाणी पिऊन उठले आणि गीतांजलीनं स्वतःच्या वाट्यातली निम्मी हळूच नवऱ्याच्या ताटात सरकवली. घरात खरोखरच एका माणसाचं जेवण कमी होतं. कोणीतरी उपाशी राहणं भाग होतं आणि ज्या माणसानं ते अंगावर घेतलं होतं, तो रोज बाजारात आलुबोंडे खात होता.

बाईंनी पुन्हा उपास धरला, या वेळी खरा, आणि हॉटेलात जाणं बंद केलं. सांबार दारातूनच द्यायचा, रोख पैसे मागून घ्यायचे आणि सरळ निघायचं. देवरावांना काही उमगेना. हा भला माणूस, त्याला वाटलं आपलंच काही चुकलं. दोन-तीन दिवस त्यांनी कळ काढली आणि मग एका सकाळी प्लेट झाकून स्वतः बाजारात आले. गल्ला सोडून देवराव बाजारात आल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं. ते ढिगासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "मावशी, रस्स्यात काही निघालं का? सांगा तर खरं. तुमी येत नाही तं हॉटेलात मन लागत नाही." चार भाजीवाल्या बघत होत्या. बाईंनी प्लेट घेतली. आपण कोणाला तरी हवे आहोत, हे ऐकल्यावर नाही म्हणवेना, असं त्या म्हणाल्या. तिथेच, पोत्यावर बसून त्यांनी खाल्लं. गुरुवार होता आणि घरी सुनेनंही पुन्हा उपास धरला होता.

मग त्यांनी जे केलं ते करायला मला जमलं नसतं. पुढच्या गुरुवारी, लेकराला डॉक्टरला दाखवायचं असं घरी सांगून, त्या गीतांजलीला बरोबर घेऊन अमरावतीला आल्या. डॉक्टरला दाखवलंही. मग तिला घेऊन सरळ हॉटेलात शिरल्या.

मी पलीकडच्या बाकावर माझ्या गार रस्स्याशी भांडत बसलो होतो. देवरावांचा तर आनंद मावेना. त्यांनी बाक दोनदा पुसला. "सून आणली का मावशी," म्हणत लेकराच्या गालाला बोट लावलं. मग दोन प्लेटी आणून ठेवल्या, एकीत जाड चिरलेला कांदा. आणि त्या बिचाऱ्या माणसानं, काहीतरी चांगलं बोलावं म्हणून, सुनेला सांगितलं, "बाई, तुह्या सासूबाई आमच्या घरच्याच समज. सोमवार नाही, गुरुवार नाही, एक दिवस चुकवत नाहीत. याईनं मीठ चाखल्याबिगर मी रस्सा वाढत नाही."

एवढं बोलून ते घाण्याकडे गेले. गीतांजली प्लेटकडे बघत होती. आता ही उठते, की रडते, की भर हॉटेलात सासूला वाट्टेल ते बोलते, म्हणून मी चमचा खाली ठेवला. सत्यभामाबाईंनी त्या दिवशी पदर पुढे ओढला नव्हता.

"पाह्यलं ना," त्या म्हणाल्या. "आता तू उपास कोनासाठी करून राहिली? खाय."

सुनेनं लेकराला मांडीवर सरळ केलं आणि खायला सुरुवात केली. भुकेला माणूस खातो तशी घाईनं नाही. सावकाश, एक एक घास. बाईंनीही खाल्लं, कारण न खाणं हे आता नाटक झालं असतं. एक आलुबोंडा संपवून गीतांजली थांबली. सासूला वाटलं, आता बोलणार. तिनं देवरावांना हाक मारली आणि कागद मागितला.

"काहून व?" सासूनं विचारलं.

"त्याईच्यासाठी," सून म्हणाली. "सकाळपासून वावरात हायेत." आणि उरलेला बोंडा तिनं नीट कागदात बांधला.

बाईंनी स्वतःच्या प्लेटकडे पाहिलं. ती नेहमीप्रमाणे पुसून स्वच्छ होती. ही पोरगी पहिल्यांदा हॉटेलात आली, पोटात आग असताना बसली आणि अर्ध्यावर तिला नवरा आठवला. बाई इतके दिवस त्या बाकावर बसल्या, कुंदन त्यांच्या पोटचा, पण कागद मागावा असं त्यांना एकदाही सुचलं नव्हतं. चोरीचं खाणं घरी नेता येत नाही, असं त्या स्वतःला सांगायच्या. त्या दिवशी कळलं, ते निमित्त होतं. तो बाक फक्त आपला असावा असं त्यांना वाटत होतं. हे मला सांगताना त्या ढिगावरच्या मेथीची पानं उगाच खुडत होत्या. मी म्हटलं, जाऊ द्या बाई, त्यात एवढं काय. त्या म्हणाल्या, भाऊ, ऐका तर.

संध्याकाळी घरी गीतांजलीनं तो कागद कुंदनसमोर ठेवला. त्याच्या डोळ्यांत पोरासारखा आनंद आला. कोठून आणला, म्हणून त्यानं विचारलं. सून म्हणाली, "मायनं आणला तुमच्यासाठी."

शेषराव चुलीपाशी बसले होते. ते म्हणाले, पाहा, स्वतः गुरुवार धरला आणि पोरासाठी आणला.

तेव्हा मात्र बाईंना ते सोसलं नाही. इतके दिवस अडलेलं वाक्य त्यांनी एका दमात बोलून टाकलं. "माहा गुरुवार नाही. मी खाऊन आली. पोट भरून खाऊन आली. रोजच खातो मी तिथं."

घरात कोणीच दचकलं नाही. शेषराव हसले. असं प्रेमानं त्यांनी बायकोकडे कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ते कुंदनला म्हणाले की, तुझी आजीही असंच म्हणायची, मी जेवली, तुमी जेवा. मेल्यावर कळलं आम्हाला. कुंदननं बोंड्याचे दोन भाग केले. मोठा भाग आईपुढे धरला आणि तिनं मान फिरवली तसा तो आणखी पुढे सरकला.

"माय, माह्या गळ्याची शपथ. खोटं नोको बोलू. खाय."

त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती एक शब्द बोलली असती तर सुटका झाली असती. गीतांजली लेकराला पाजत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. ती फक्त बघत होती.

"मग?" मी विचारलं.

"मग काय," सत्यभामाबाई म्हणाल्या. "पोरानं शपथ घातली होती. खाल्ला मी."